सोळा हातांचं लाकूड

१

जव्हारच्या लाकूडवखारीत ओंडका उतरला आणि सोळा हात कमी भरला.

सोळा हात म्हणजे काही कुऱ्हाडीची ढलपी नव्हे. बैलगाडी बैलांसकट उभी केली तर तिच्याहून लांब. संस्थानच्या नव्या धान्यकोठाराला एकसंध आढं हवं होतं, निदान चाळीस हातांचं. त्यासाठी जंगलखात्याच्या वहीतून सगळ्यात उंच साग निवडला होता. हद्दीवरच्या डोंगरातला, उंची त्रेपन्न हात. खालचा एक हात खुंटात राहणार, वरचा नऊ हातांचा फांद्यांचा शेंडा जागेवरच टाकायचा, उरलेले त्रेचाळीस हात वखारीत यायचे. आले सत्तावीस.

वखारीच्या माणसाने तीनदा काठी लावली. तीनदा सत्तावीस.

मोजणीदार देवराम तिथंच उभा होता. वहीतला त्रेपन्न हा आकडा त्याचा. साखरशेतच्या नागली पिकवणाऱ्या घरातून खात्याचा कोट अंगावर चढवणारा हा पहिलाच माणूस. भर उन्हाळ्यातही तो कोट काढत नसे. कोट काढला तर आत कोण आहे ते लोकांना दिसेल, ही त्याची भीती. ती त्याने कधी कोणाला बोलून दाखवली नव्हती.

ओंडक्याजवळ झाड पाडणारा ढवळू उकिडवा बसला होता. त्याचे हात काथ्याने बांधले होते.

खात्याचे अधिकारी, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, त्यांनी वही मिटली. "देवराम, आकडा तुझा. चुकला असेल का?"

वखारीतल्या सगळ्या माना वळल्या. ढवळूचीही. 'पुन्हा मोजून बघतो' एवढं म्हणायला काय लागत होतं? पण दोन कारकून गालात हसत होते, आणि ते हसू देवरामला चांगलं ओळखीचं होतं. डोंगरातलं डोकं ते डोंगरातलंच, असं म्हणणारं.

"माझा आकडा चुकत नाही, रावसाहेब," तो म्हणाला. गरजेपेक्षा जरा मोठ्याने.

"देवराम," ढवळू खालून बोलला, "झाड जेवढं होतं तेवढं दिलं रे. तुला तरी ठाऊक..."

शिपायाची काठी पाठीत बसली आणि वाक्य अर्धंच राहिलं.

"सोमवारी सुनावणी," रावसाहेब म्हणाले. "राजसाग चोरणाऱ्याची शिक्षा ठरलेली आहे. जमीन जप्त, बायकापोरांसकट हद्दपार. पण चोरलेला तुकडाही मला हवा. पाच दिवसांत शोधून आण. तुझ्या लोकांतलं तुलाच लवकर कळेल."

तुझ्या लोकांतलं. देवरामने मान हलवली. वखारीतून बाहेर पडेपर्यंत त्याने ढवळूकडे बघितलं नाही.

२

ओंडका आणणारा गाडीवान जिवा बैलाच्या खांद्याला तेल चोळत होता.

"या मोजणीदार! मला पण बांधणार? बांधा. पण बैलांना पाणी कोण दाखवणार ते आधी ठरवा."

"वाटेत ओंडका कापलास?"

"कशानं? दातांनी?" जिवा हसला. "घाटातल्या वळणाला मागचं चाक दरीवर लोंबत व्हतं. सत्तावीस हातांना ही गत. त्रेचाळीस असते तं मी दरीत असतो, आन् हे सगळं तुमी माझ्या बायकोला विचारत असता."

"म्हणजे वळणाच्या अलीकडेच कापला असशील. वळवता येत नव्हता म्हणून."

जिवाचं हसू गेलं. त्याने तेलाची वाटी खाली ठेवली. "मोजणीदार, लाकूड कापलं का भुसा पडतो, ढलप्या पडतात. पाऊस नाय, वारा नाय. वाट तिथंच हाय. जा आन् हुडका. आन् मग या, मी हात पुढं करतो."

देवरामने ती वाट पायाखाली घातली. वळणाअलीकडे, पलीकडे, दोन्ही बाजूच्या कुड्याच्या झुडपांत. भुशाचा कण नाही, एक ढलपी नाही. झाडापासून गाडीवाटेपर्यंत लाकूड ओढत आणल्याची जमिनीवर एकच घसट. दुसरी नाही.

मग राहिली हद्द. डोंगराच्या पलीकडे मोखाड्याचा मुलूख इंग्रजांचा. तिथं लाकूड गेलं की संस्थानचा हात पोचत नाही. हद्दीवरच्या नाक्यावर पुंजा नाकेदार खाटेवर पडला होता. त्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास होता.

"गेल्या पंधरा दिवसांत पलीकडे काय गेलं?"

"दोन म्हशी, एक वऱ्हाड, आन् माझी सासू." पुंजा उठून बसला. "सासू सोळा हातांची नाय."

"तू प्यालेला होतास."

"प्यालेला व्हतो, मेलेला नव्हतो. तेवढं लाकूड ओढायला दोन जोड्या बैल पायजेत, नायतर वीस माणसं. वीस माणसं माझ्या दारावरून जातील आन् एक पण तंबाखू मागणार नाय? ह्या मुलखात?"

हे मात्र खरं होतं. हसू यावं इतकं खरं. पण देवरामला हसू आलं नाही. रस्त्याने तुकडा गेला नाही, हद्दीपलीकडे गेला नाही, म्हणजे तो अजून डोंगरातच असणार. आणि त्या डोंगरात घर एकच होतं. ढवळूचं.

३

ढवळूची बायको नवशी ही साखरशेतचीच लेक. तिच्या लग्नात देवरामने जेवणाच्या पत्रावळी वाढल्या होत्या. ती त्याला दादा म्हणायची.

"आलास दादा? बस. पाणी देते. कोटाला पण देऊ का?"

"नवशे, मला घर बघावं लागेल."

"बघ ना. चुलीत पण बघ. सोळा हातांचं लाकूड घडी करून ठेवलंय."

त्याने बघितलं. पेंढ्याची उडवी उपसली, नागलीच्या कणगीत काठी घातली, गोठ्याची जमीन ठोकून पाहिली. पोरं भिंतीला टेकून बघत होती. धाकटीला तो मामा लागत होता. कणगीतून काठी बाहेर ओढताना चार दाणे सांडले. नवशीने ते एकेक करून उचलले आणि परत कणगीत टाकले. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं देवरामला वाटलं.

घरात काही नव्हतं. नवशीचा भाऊ फागू, जो कड्यावरची मधाची पोळी काढायचा, तो त्याला झाड पाडलं होतं तिथं घेऊन गेला.

डोंगराच्या उतारावर सागाचा खुंट उभा होता. खालच्या अंगाला शेंडा पडलेला, पानं वाळून कुडकुडीत. देवरामने खिशातून दोन कागद काढले. वखारीतून निघताना ओंडक्याच्या दोन्ही टोकांवर कागद धरून त्याने वरून कोळसा घासला होता. चोरीचा तुकडा सापडला तर तो ह्याच ओंडक्याचा आहे हे पटवायला उपयोगी पडेल म्हणून. बारीक टोकाच्या कागदावर गाभ्यातली चीर उमटली होती, कावळ्याच्या पावलासारखी तीन फाट्यांची, आणि कडेला एक काळी गाठ.

एकाच कापाच्या दोन बाजू म्हणजे आरशातलं उलटं रूप. देवरामने कागद पालथा केला, उन्हात धरला आणि शेंड्याच्या कापलेल्या तोंडावर ठेवला.

चिरेवर चीर बसली. गाठीवर गाठ. घेर दोऱ्याने मोजला, बोटभरही फरक नाही.

मधला सोळा हातांचा तुकडा कोणी काढून नेला असता तर ही दोन तोंडं जुळलीच नसती. झाड वर जाताना निमुळतं होतं, सोळा हातांत घेर केवढा तरी उतरतो. तो धावत खुंटापाशी गेला. दुसरा कागद. खुंटावर तुटताना राहिलेला फाटका काठ आणि कागदावरचा काठ तंतोतंत जुळले. शेंड्याचं टोकही शाबूत होतं, कोवळ्या वाळलेल्या डिऱ्यासकट.

खुंट एक, ओंडका सत्तावीस, शेंडा नऊ. सदतीस हात. एवढंच झाड होतं, आणि सगळंच्या सगळं जागेवर होतं.

"मंग चोरी कुठं झाली, दादा?" फागूने विचारलं.

चोरी झालीच नव्हती. ते सोळा हात जगात एकाच जागी होते, वहीत. म्हणजे सदतीसाचे कोणीतरी त्रेपन्न केले. देवरामच्या डोळ्यांसमोर ते दोन हसरे कारकून उभे राहिले आणि त्याला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. त्याने पिशवीतून वही काढली आणि ते पान उघडलं.

खाडाखोड नव्हती. शाई एकच. आकड्यात त्रेपन्न आणि अक्षरातही त्रेपन्न. वळणदार, अभिमानाने काढलेलं ते अक्षर त्याचं स्वतःचं होतं.

४

"शेजारचा साग उभा हाय ना," फागू म्हणाला. "त्याला मोज. तू कसा मोजतोस ते तरी बघू."

देवरामने झोळीतून त्रिकोणी फळी काढली. काटकोनाच्या दोन बाजू सारख्या, तिसरी तिरकी, एका कडेला ओळंबा लोंबणारा. जमीन मोजणाऱ्या एका अमीनाने त्याला हे जव्हारच्या सपाट माळावर शिकवलं होतं. ओळंबा कडेला लागून सरळ लोंबला पाहिजे. तिरक्या बाजूवरून झाडाचा शेंडा दिसेपर्यंत मागे मागे सरकायचं. शेंडा दिसला की थांबायचं. फळीच्या दोन बाजू सारख्या, म्हणून आपण झाडापासून जितके लांब, तितकाच शेंडा आपल्या डोळ्यापासून वर. त्यात जमिनीपासून डोळ्यापर्यंतचे तीन हात मिळवायचे. झाडावर न चढता झाडाची उंची. पहिल्यांदा निशाणाच्या खांबावर हे जमलं तेव्हा देवरामला रात्रभर झोप आली नव्हती.

तो झाडाकडे तोंड करून उतारावरून मागे मागे, खाली सरकला. शेंडा दिसला. थांबला. काठीने अंतर मोजलं, चव्वेचाळीस हात. अधिक तीन. सत्तेचाळीस.

फागू तोवर वेलाचं वेटोळं खांद्याला टाकून पायांच्या अढीने वर गेला होता. शेंड्याजवळ पोचून त्याने वेल खाली सोडली आणि वरचे दोन हात काठीने भरून सांगितले. नवशीने खाली वेल ताणून धरली. देवरामने मोजली.

तेहतीस.

पुन्हा मोजली. तेहतीस.

"सत्तेचाळीस म्हणालास ना?" नवशीने विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, भीती होती. "दादा, मंग हे चौदा हात पण माझ्याच नवऱ्यानं चोरले का? तो तं कोठडीत हाय."

देवराम खाली बसला. बसल्या जागेवरून त्याने झाडाकडे बघितलं आणि पहिल्यांदा त्याला जे दिसलं ते शेंडा नव्हे, बुड. बुड त्याच्या डोक्याच्याही वर होतं.

५

त्याने मग जे केलं ते दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं. झाडाच्या बुडाशी काठी आडवी, अगदी समतल धरली आणि तिच्या दुसऱ्या टोकापासून ओळंबा सोडला. ओळंबा टेकला तिथून पुन्हा काठी आडवी. फागूने काठी धरायची, नवशीने ओळंब्याचा दोरा मोजायचा. उतारावर ते जणू पायऱ्याच उतरत गेले. शेवटी बेरीज केली. आडवं अंतर बेचाळीस हात. उतरलेली खोली बारा हात.

"हे बघ," तो म्हणाला. "उतारावरून मोजलं म्हणून चव्वेचाळीस आले. खरं अंतर बेचाळीस. म्हणजे शेंडा माझ्या डोळ्यापासून बेचाळीस हात वर. पण मी उभा होतो तो बुडाच्या बारा हात खाली. ते बारा हात झाडाचे नाहीत, डोंगराचे. बेचाळीसातून बारा गेले, तीस. डोळ्याचे तीन. तेहतीस."

"म्हणजे डोंगर झाडाच्या नावावर लावलास," नवशी म्हणाली.

त्याने पाडलेल्या सागाच्या खुंटापासूनही तसंच मोजलं. वहीत जागा टिपलेली होती, उतारावर पन्नास हात. आडवे भरले अठ्ठेचाळीस, खोली चौदा. अठ्ठेचाळीसातून चौदा गेले आणि तीन मिळवले. सदतीस.

"पण तू नेहमी खालीच कशाला उभा राहतोस?" फागूने विचारलं. "वरच्या अंगाला गेला असतास तं आकडा कमी आला असता, नाय का?"

साधा प्रश्न. आणि त्याचं उत्तर देवरामला इतकं आतून माहीत होतं की ते तोंडावर आणताना त्याचे कान तापले. झाडाकडे बघत वर सरकायचं तर पाठ डोंगरमाथ्याकडे होते. त्याच्या बापाने शिकवलं होतं, दाणे मापताना, जमीन मापताना डोंगरदेवाकडे पाठ करायची नाही. कोट चढवला तरी ही सवय त्याच्या पायांत राहिली होती. कचेरीत कोणाला कळलं असतं तर हसले असते, म्हणून तो ती लपवायचा. त्याचा प्रत्येक आकडा खालून घेतलेला. म्हणून प्रत्येक आकडा जास्तच. कमी एकही नाही.

अमीनाने त्या दिवशी माळावर शेवटी सांगितलं होतं, "हे सपाटीचं झालं. उताराचं गणित वेगळं, ते येऊन विचार." देवराम विचारायला गेला नव्हता. ह्याला एवढंही कळलं नाही असं कोणी म्हणेल, म्हणून. मग अमीन बदलून गेला. ज्या संस्थानात सपाट जमीन शोधायला लागते, तिथं ह्या शहाण्याने दोन वर्षं सपाटीचं गणित वापरलं.

वही उघडीच होती. त्याने पानं उलटली. दोनशे बारा झाडं. त्यांतली उतारावरून पाडून वखारीत गेलेली चार, ह्याच्या आधीची. चारही ओंडके कमी भरले होते. चार वेळा चोरी ठरली होती. चार माणसं. पहिलं नाव वावरच्या माघ्याचं, बारा हात. जमीन जप्त, हद्दपार.

"आता तिकडं काय सांगशील?" नवशीने विचारलं.

देवरामने वही मिटली. त्या घटकेला त्याच्या मनात आलं होतं, एखादा सोळा हातांचा जळका तुकडा सापडला असं सांगितलं तर?

६

सोमवारी सुनावणीच्या आधी तो रावसाहेबांच्या खोलीत गेला आणि सगळं सांगितलं. रावसाहेबांनी शांतपणे ऐकलं. हुशार माणूस होता, गणित एका दमात कळलं.

"ढवळूला माफी देऊ," ते म्हणाले. "शिमगा जवळ आलाय, सणाची माफी. तो घरी जाईल, जमीन राहील. तू पुढच्या मोजण्या नीट कर. झालं."

"आणि आकडा?"

"आकडा राहू दे. आज तो चुकला म्हटलास तर आधीचे चारही चुकले. त्या चार हुकमांवर सही माझी आहे. आणि तू? तू उद्यापासून नागली लावायला जाशील. तुझ्या लोकांतून वर आलेला एकुलता एक माणूस, तो असा निघाला म्हणून लोक बोलतील. चालेल?"

देवरामने मान हलवली. नाही चालणार, अशी. हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही. आकडा तसाच ठेवायला तो कबूल झाला.

सुनावणीला कचेरीचा ओटा माणसांनी भरला होता. रावसाहेबांनी माफी वाचून दाखवली. ढवळूने ऐकलं, आणि विचारलं, "माफी कशाची?"

"चोरीची. सणानिमित्त."

"चोरी मी केली नाय. माफी घेतली तं केली असं व्हतं. माझी पोरं चोराची पोरं व्हतात. नको मला."

"मूर्खा, माफी नाकारलीस तर हद्दपारी आहे!"

"असू दे."

नवशी खांबाला धरून उभी होती. ती ढवळूकडे बघत नव्हती, रावसाहेबांकडेही नाही. ती देवरामकडे बघत होती. त्याच्यावर उपकार केल्यासारखी ती गप्प होती. सगळं ठाऊक असून.

देवराम उठला. "चोरी झालेली नाही," तो म्हणाला. पहिल्यांदा आवाज फुटलाच नाही, पुन्हा म्हणावं लागलं. "झाड सदतीस हातच होतं. दोन्ही कापांची तोंडं जुळतात, हे कागद. त्रेपन्न हा माझा आकडा खोटा. मी उताराच्या खाली उभा राहिलो आणि डोंगराची उंची झाडात धरली."

"खालीच का उभा राहिलास?" एका कारकुनाने विचारलं. तो आधीच हसत होता.

"डोंगरदेवाकडे पाठ करत नाही म्हणून."

हशा पिकला. मोठा, पोट धरून. देवराम त्या हसण्यात उभा राहिला. मग त्याने वही उघडून उरलेली चार नावं वाचली, हातांच्या आकड्यांसह. दुसऱ्या नावाला हसणं थांबलं. चौथ्याला रावसाहेब उठून आत निघून गेले.

संध्याकाळपर्यंत दोन हुकूम निघाले. ढवळू सुटला. देवरामची नोकरी गेली. त्या चार नावांबद्दल हुकमात एक अक्षर नव्हतं.

बाहेर ढवळू मनगटं चोळत बसला होता. काथ्याचे वळ काळे पडले होते.

"ढवळू, माझं चुकलं."

"उतारावर चुकलास, ती चूक," ढवळू म्हणाला. "वखारीत मला बांधलेला बघून 'माझा आकडा चुकत नाय' म्हणालास, त्याला चूक नको म्हणू. त्याला दुसरा शब्द बघ."

ढवळूने मनगट चोळणं थांबवलं.

"माघ्याला कोण सांगणार?"

"मीच जातो. पोशेऱ्याला असतो ना तो? तू येतोस बरोबर?"

"मी कशाला? तुझं तोंड हाय, तू दाखव."

७

पोशेरा हद्दीच्या पलीकडे, मोखाड्याच्या अंगाला. माघ्याचं झोपडं गावाच्या कडेला होतं, कुडाचं, अजून न सारवलेलं. माघ्याची बायको फागी जात्यावर नागली दळत होती. देवरामला तिने ओळखलं. जातं थांबवलं नाही.

"वयनी, माघ्या कुठं हाय?" कोट चढवताना सोडलेली बोली तोंडात परत आली होती, आणि तिचीही त्याला लाज वाटली.

"नाय तो."

"कामावर गेलाय?"

"खडी फोडायला जायचा सडकेवर. गेल्या श्रावणात ताप भरला. वावरला न्या म्हणाला, आपल्या घरी. डोलीत घालून नेला नाक्यापर्यंत. हद्दपार माणूस हाय म्हणून परत फिरवला. वाटेतच गेला." जातं फिरत राहिलं. "तू कशाला आलास?"

देवरामने सांगितलं. उभ्याउभ्याने, एकही गोष्ट न गाळता. फळी, उतार, डोंगर, बाप, अमीन, मान हलवली तीही. गणित तिला कळलं का नाही ते समजेना. तिने मधे एकदाही विचारलं नाही. शेवटी तो म्हणाला, "माघ्यानं काय चोरलं नव्हतं. झाड तेवढंच व्हतं. माझा आकडा बारा हातांनी जास्त व्हता."

जातं थांबलं.

"बारा हात म्हणजे किती?" फागीने विचारलं.

"बारा हात म्हणजे..."

"तोंडानं नको. दाखव."

काठी त्याने खात्यात जमा केली होती. तो झोपड्याच्या उंबऱ्याशी गुडघ्यांवर बसला. कोपर उंबऱ्याला टेकवलं आणि हात जमिनीवर पसरला. मधल्या बोटाच्या टोकाशी मातीत रेघ मारली. एक. पुन्हा कोपर रेघेवर. दोन. अंगणातली कोंबडी बाजूला झाली. शेजारच्या दोन बाया कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. तो गुडघ्यांवर सरकत होता, मोठ्याने मोजत होता, कारण फागीने तसंच मोजायला सांगितलंय, असं तिच्या तोंडाकडे बघून वाटत होतं. नऊ. दहा. अंगण संपलं, पलीकडची पायवाट लागली. अकरा. बारा. त्याने शेवटची रेघ मारली आणि तिथंच बसून राहिला.

फागी उठली. लुगड्यावरचं पीठ झटकलं. उंबऱ्यापासून त्या शेवटच्या रेघेपर्यंत चालत आली. फार पावलं लागली नाहीत. रेघेपाशी थांबली, मागे वळून उंबऱ्याकडे बघितलं, मग खाली बसलेल्या देवरामकडे.

"एवढंच?" ती म्हणाली.